तंबाखू सोडू पाहणाऱ्याने सायलोसायबिनच्या प्रयोगातून काय उचलावे

मॅजिक मशरूम या भ्रम आणणाऱ्या छत्रीतल्या (अळंबीतल्या) सायलोसायबिन या द्रव्याच्या मदतीने सिगारेट सुटते, अशी बातमी अधूनमधून येते आणि ज्याच्या खिशात वीस वर्षे पुडी आहे त्याला आपणही एकदा करून पाहावे असे वाटते. तसे करू नये, हे आधीच सांगतो. मात्र ही बातमी ज्या प्रयोगातून निघाली त्याची आखणी नीट पाहिली, तर तिच्यातला बराच भाग त्या द्रव्याला हात न लावता घरी वापरता येतो.

हा प्रयोग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅथ्यू जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात अवघे 15 जण होते. सरासरी 31 वर्षे, दिवसाला 19च्या आसपास सिगारेटी ओढणारे. सहा महिन्यांनी त्यांपैकी 12 जण सिगारेटपासून दूर असल्याचे श्वासाच्या आणि लघवीच्या तपासणीतून दिसले. वर्षभराने 10 जण टिकले होते. आकडा मोठा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आलेले सगळे सोडण्याच्या निश्चयानेच आले होते, हे बातमीत सहसा येत नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते वेळापत्रक. पंधरा आठवड्यांच्या या कार्यक्रमात प्रत्यक्ष द्रव्य देण्याचे दिवस दोन, फार तर तीन. त्या दिवशी माणूस कोचावर आडवा होई, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत आणि शेजारी सहा-सात तास हलणार नाहीत असे दोन प्रशिक्षित सोबती. पण त्याआधीचे चार आठवडे नुसती तयारी होती, नंतरही दर आठवड्याला बैठक होती, आणि सिगारेट सोडण्याची तारीख द्रव्य देण्याच्या पहिल्या दिवसाची आधीच ठरवलेली होती. द्रव्याचा वाटा किती आणि या सोबतीचा किती, हे 15 जणांवरून ठरवता येत नाही. माझे मत विचाराल तर सोबतीचा वाटा आपण फार कमी धरतो.

तेव्हा सुरुवात तारखेपासून करावी, आणि ती उद्याची नसावी. चार आठवड्यांनंतरचा, घरात लग्न किंवा कामावर हिशेबाची घाई नसलेला दिवस निवडावा. तोपर्यंत सोडायचे काही नाही, फक्त लिहायचे: खिशातल्या वहीत प्रत्येक वेळी तास, जागा आणि कारण. चार दिवसांतच लक्षात येते की तलफ जेवणानंतरच्या पाच मिनिटांत, चहाच्या टपरीवर किंवा फोन ठेवल्यावर येते. कित्येकदा तर चुन्याची डबी उघडून अंगठा तळहातावर फिरू लागतो तेव्हा तोंडाला काही नको असते, हातालाच सवय असते. अशा वेळी हाताला दुसरे काम द्यावे, मग ते बडीशेप निवडण्याचे का असेना.

याच काळात आपण का सोडत आहोत ते एका वाक्यात लिहावे. ‘आरोग्यासाठी’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते कोणाचेही असू शकते. ‘नातीला उचलून घेतले की ती तोंड फिरवते’ हे चालेल.

ठरलेल्या दिवशी पुडी, डबी, लायटर घराबाहेर जावेत. पुढचे दोन आठवडे कोणीतरी रोज पाच मिनिटांचा फोन करील, याची व्यवस्था आधीच करून ठेवावी; शक्यतो बायकोला हे काम देऊ नये, कारण तिच्याशी खोटे बोलण्याचा सराव आपल्याला जास्त असतो. घरात जमत नसेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा गम घेता येतो, पण तो पानासारखा चघळत राहायचा नसतो: झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा.

दारूसाठी मात्र हा मार्ग एकट्याने चालू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर आकडीचे झटके येऊ शकतात, म्हणून तेथे डॉक्टर आधी, तारीख नंतर. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या 2022 मधील अभ्यासात 93 जणांना बारा आठवड्यांचे समुपदेशन मिळाले होते. सायलोसायबिन घेतलेल्या गटात एकूण दिवसांपैकी अतिमद्यपानाचे दिवस 9.7 टक्के राहिले, तर तुलनेसाठी दुसरेच औषध दिलेल्या गटात 23.6 टक्के, परंतु आपल्याला काय दिले आहे हे बहुतेकांनी बरोबर ओळखले होते, त्यामुळे ही तुलना निर्भेळ नाही.

आता नकाराची कारणे. भारतात 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सायलोसायबिन बाळगणे गुन्हा आहे. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या छत्र्यांतली कोणती विषारी, हे नवख्याला ओळखता येत नाही. स्वतःला वा जवळच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर अशा प्रयोगांत मुळात प्रवेशच मिळत नाही, आणि बायपोलर आजारावरचे लिथियम हे औषध चालू असताना हे द्रव्य घेतल्यास झटके येण्याचा धोका असतो.

राहिला प्रश्न घसरण्याचा. एखाद्या दिवशी टपरीवर पुडी फुटलीच, तर नवी तारीख शोधत बसू नये. त्याच वहीत तास आणि कारण लिहावे, उरलेली पुडी गटारात टाकावी आणि दुसऱ्या दिवशी येणारा तो फोन उचलावा.