इंजिन थरथरतंय, टकटक येतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन मध्येच पेटायचं राहू लागलं, की ठरलेला क्रम सुरू होतो. आधी प्लग, मग कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी), मग थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) साफ, शेवटी ‘डिकार्बनायझिंग’, म्हणजे आतली काजळी काढून घ्या. चार बिलं होतात आणि थरथर तशीच राहते. कारण पार्टला हात लावण्याआधी विचारायचा प्रश्न राहूनच जातो: त्रास नेमका कधी होतो? इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? फक्त उभ्या गाडीत? सीएनजीवर की पेट्रोलवरही? मुंबई-पुण्याकडे पेट्रोल-सीएनजी गाड्या भरपूर आहेत, म्हणून इथे भर त्यांच्यावरच दिला आहे.

काट्याकडे न बघणं

गरम झालेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, आरपीएम मीटरच्या काट्यावर साधारण ६५० ते ८५० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) स्थिर राहायला हवं. काटा स्थिर आहे पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतेय, तर आधी इंजिन माउंटिंग, म्हणजेच फाउंडेशन तपासा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) टाकल्यावर थरथर वाढत असेल आणि एन (न्यूट्रल) टाकल्यावर कमी होत असेल, तर संशय आणखी पक्का. अशा गाडीत प्लग बदलून काहीच साधत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर मुळातच असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत बसून तुलना करा.

काटा खालीवर होत असेल किंवा मध्येच झटका बसत असेल, तर दोष हवा, इंधन, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी कशात तरी आहे.

बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करणं

ही फार महागात पडणारी सवय आहे. वायर काढली की बऱ्याच गाड्यांत साठवलेले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, शिकलेलं आयडलिंग दोन्ही पुसलं जातं, म्हणजे पुरावाच जातो. आधी स्टिअरिंगखालच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड मिसिंग कोणत्या सिलिंडरला आहे ते सांगतात. पी०३०१ आला असेल तर इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड मिटवा आणि गाडी चालवून बघा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तो पहिल्यावरच राहिला तर तसंच प्लगचं करा, त्यानंतर इंजेक्टर (इंधन फवारणारा) बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्लग काढताना त्याच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, सील गळतंय. सील न बदलता नवा प्लग बसवला, तर कॉइलचं रबर पुन्हा ऑइलात भिजेल आणि मिसिंग परत येईल. जोराच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं असेल, तर याच खड्ड्यात पाणी शोधा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

सीएनजीवर मिसिंग, म्हणजे किटचाच दोष?

पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि सीएनजीवर झटके, असं झालं की लगेच किट उघडलं जातं. पण गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. आधी प्लगचा गॅप मोजा. पेट्रोल गाडीत तो बहुधा १ मिमीच्या आसपास असतो, सीएनजीसाठी त्याहून कमी, अनेकदा ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. प्लग आणि कॉइल ठीक निघाले की मग गॅस फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि गॅस इंजेक्टर.

उलट, सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर खराब असेल तर टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल आणि चिकटलेले पेट्रोल इंजेक्टर बघा. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवून फक्त गॅसवर फिरणाऱ्यांकडे हा त्रास हमखास दिसतो.

दोन्हींवर सारखंच खराब असेल, त्यातही गरम झाल्यावर जास्त, आणि प्लग-कॉइल ठीक असतील, तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागांमधली फट (टॅपेटचा गॅप), मोजून घ्या. इथे मोठा गैरसमज आहे. टॅपेटचा गॅप वाढला की टकटक येते, म्हणून सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे. सीएनजीवर बरेचदा उलटं होतं. कोरड्या इंधनामुळे व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. तेव्हा आवाज येतच नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसल्याने कॉम्प्रेशन गळतं. ‘आवाज बंद करून द्या’ म्हणून टॅपेट घट्ट करून घेणं म्हणजे तोच बिघाड पैसे देऊन ओढवून घेणं. गॅप थंड इंजिनवरच मोजायचा. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप जुळवणारे) असतील तर हे लागू नाही. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एखादा सिलिंडर इतरांपेक्षा चौथाईने कमी दाखवत असेल तर प्लग-कॉइलवर आणखी खर्च करू नका.

हवेची गळती न तपासणं

आयडलला खराब आणि रेस दिल्यावर सुरळीत, सोबत फसफस आवाज: इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरला हवा नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट, पीसीव्ही पाइप (इंजिनातली वाफ परत ओढणारा) आणि ब्रेक बूस्टरचा पाइप बघा. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) आयडलला +२० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल तर गळती पक्की. फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर ट्रिम फारसं बोलत नाही, आयडलिंगच चढं राहतं. गरम इंजिनवर स्प्रे मारून गळती शोधू नका, आग लागू शकते. स्मोक टेस्ट (धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

आवाज ऐकण्याआधी डिपस्टिक

सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकने, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीने, पातळी बघा. पातळी कमी असेल तर टकटकीचं कारण तिथेच सापडू शकतं. पण आवाज दाबायला ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलच्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० ओतू नका. थंड स्टार्टला जाड ऑइल वर पोचायला उशीर लागतो आणि झीज वाढते.

हलकी, झपाट्याची टकटक वरच्या बाजूने आली तर टॅपेट, किंवा नुसते इंजेक्टर, ज्यांचा आवाज असणारच. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर बंद, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर. पावसाळी सकाळची ‘ची ची’ बेल्टची. बेल्टवर पावडर किंवा स्प्रे मारू नका, पुली आणि टेन्शनर फिरवून बघा. खालून जड ठकठक येऊन रेससोबत वाढत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करून न्या.

आवाज फक्त थंड इंजिनला येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला ठेवा आणि मेकॅनिकला सांगा, सकाळचा पहिला स्टार्ट तुम्हीच मारा.