रातांधळेपणात अंगावर दिवा लावताय? या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे, २७ पायऱ्यांची. मला रेटिनायटिस पिग्मेंटोझा आहे, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. आम्ही आपापसात त्याला आरपीच म्हणतो. त्यामुळे दिवेलागण झाली की त्या पायऱ्या माझ्यापुरत्या नाहीशा होतात. तीन वर्षांपूर्वी हौसेने डोक्याला बांधायची बॅटरी आणली, दुकानातली सगळ्यात झगझगीत. पहिल्याच आठवड्यात दहावी न देता नववीवरून थेट अकरावीवर गेलो. गुडघा सोलवटला. उजेड भरपूर होता, पायरीची कडच दिसली नव्हती.

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी: दिवा कपाळावर बांधणं. कपाळावरून उजेड आणि नजर जवळपास एकाच रेषेत जातात. मग सावली पडते ती नेमकी वस्तूच्या पाठीमागे, आपल्याला दिसणार नाही अशी. खड्डा, दगड, पायरी, सगळं सपाट. तोच दिवा कमरेला आणा. उतरताना प्रत्येक कडेच्या पुढे एक काळा पट्टा उमटतो, कारण डोळा वरून जेवढं बघतो तेवढं कमरेचा उजेड गाठू शकत नाही. तो पट्टा दिसला की समजायचं, इथे पायरी संपली. साधा खडासुद्धा लांबलचक सावली टाकतो. मी आता दिवा पट्ट्याला क्लिपने लावतो आणि असा झुकवतो की उजेड दोन पावलांपुढे सुरू होऊन चार-पाच मीटरपर्यंत जाईल. पोट सुटलं असेल तर दिवा आभाळाकडे बघतो. अशांनी तो छातीवरच्या पट्ट्यावर घ्यावा.

यात एक उणीव आहे. डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, अर्धवट उघडी खिडकी, हे कमरेच्या दिव्यात नीट दिसत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे पुढे कडक झडप असलेली टोपी. फांदी आधी झडपेला लागते, कपाळाला नंतर.

दुसरी चूक खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, बघून दिवा घेणं. ल्युमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला दुप्पट दिसत नाही. बघायचं ते झोताची रुंदी. आरपीत नजरेचा घेर आधीच आकसलेला असतो. त्यात लांब जाणारा अरुंद झोत घेतला की समोर एक पांढरी थाळी आणि भोवती काळोख. पसरट झोताचा, २००-३०० ल्युमेनचा दिवा मला पायवाटेला पुरतो. शिवाय फार प्रखर उजेडात अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे होतात. निरोगी डोळ्यालाही अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, आपलं तर विचारूच नका. म्हणून दिवा उंबऱ्याच्या आतच लावा, क्षणभर थांबा, मग बाहेर पडा. वाटेत मोबाईलचा पडदा उघडू नका.

पावसाळ्यात कपाळावरच्या दिव्याची आणखी एक गंमत कळते. डोळ्यांसमोरचा प्रत्येक थेंब चमकतो आणि पुढे पांढरा पडदा तयार होतो. आतून चंदेरी अस्तराची छत्री असेल तर ती सगळा उजेड तोंडावरच परत फेकते. धुक्यातही तेच. दिवा खाली घेतला की त्रास बराच कमी होतो. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेड मला सौम्य वाटतो. मोतीबिंदूही असेल तर दुकानात दोन्ही लावूनच बघा.

मध्यंतरी महिनाभर मला रोज थोडं कमी दिसायला लागलं. आरपी वाढली म्हणून डॉक्टरांकडे निघालो होतो. बायकोने सेल बदलले आणि डोळे बरे झाले! स्वस्त दिवे हळूहळू मंदावतात आणि आपल्यासारख्यांना ते उमगत नाही. खोक्यावरचे तासही जपून वाचा. दिव्यांच्या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे शेवटचे काही तास तो दिवा आपल्या कामाचा नसतो. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. दिवा बरेच दिवस वापरात नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर गळून स्प्रिंगा खातात.

काहीजण तपासणीच करत नाहीत, नुसता दिवा घेतात. रात्री न दिसण्यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती उपचाराने भरून निघते. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर हीही कारणं असू शकतात. मात्र अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाऊ नका. जास्त झालं तर यकृताला बाधतं आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो.

आणि दिवा आहे म्हणून पांढरी काठी घरी ठेवू नका. दिव्यामुळे तुम्हाला दिसतं, पण तुम्हाला कमी दिसतं हे समोरच्या दुचाकीवाल्याला काठीच सांगते.

घेताना बटण डोळे मिटून दाबून बघा. बऱ्याच दिव्यांत जास्त, कमी आणि लुकलुक असा फेरा असतो. पाखाडी उतरताना लुकलुक लागली की पायऱ्या नाचायला लागतात. असा एक दिवा मी परत करायला नेला, तर दुकानदार म्हणतो, "काका, ते तर फीचर आहे."