अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्यांचे गुप्तचर प्रमुख: बातमी कशी वाचायची

‘अध्यक्षांनी गुप्तचर प्रमुखांना फटकारलं’ अशी बातमी अधूनमधून येतेच. आली की बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न उठतात: खरं कोण बोलतंय, आणि कोणाची खुर्ची जाणार? परदेशी बातम्यांच्या डेस्कवर अनेक वर्षं असा मजकूर लावल्यावर माझं मत असं झालंय, की हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारावेत. आधी पाहावं ते हे: नकोशी माहिती अध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोहोचतेय का, आणि वाटेत तिची धार कोणी बोथट करतंय का? ते ताडायची माझी पद्धत सांगते.

बातमीतला ‘प्रमुख’ नेमका कोण, ते सर्वांत आधी बघून घ्या. अमेरिकेत गुप्तचर संस्था एक नाही, अठरा आहेत. परदेशातली हेरगिरी करणारी सीआयए १९४७ च्या कायद्याने आली. सगळ्या संस्थांवर देखरेख करणारं राष्ट्रीय गुप्तचर संचालक हे पद २००४ च्या कायद्याने आलं. तोवर ते काम कागदोपत्री सीआयएच्या संचालकाकडेच होतं. या दोघांना ठरावीक मुदत नाही. सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, मंजुरी दिली की अध्यक्षांची मर्जी असेतो ते पदावर. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयच्या संचालकाला मात्र दहा वर्षांची मुदत असते, कारण जे. एडगर हूवर १९२४ पासून १९७२ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीत बसून होते आणि तसं पुन्हा कोणी बसू नये असं काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) वाटलं. पण ही मुदत म्हणजे संरक्षण नव्हे. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये विल्यम सेशन्स यांना काढलं, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये जेम्स कोमी यांना. तेव्हा ‘काढता येतं का’ या चर्चेत वेळ घालवू नका. येतं.

त्यानंतर दाराकडे बघा, म्हणजे अध्यक्षांच्या खोलीत कोण जातं आणि किती वेळा. अध्यक्षांना रोज एक गोपनीय अहवाल मिळतो. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, तो सुरू झाला आणि जॉन्सन यांच्या काळात त्याला ‘प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ’ हे आजचं नाव मिळालं. अहवाल सगळ्याच अध्यक्षांना मिळतो; तो समजावून सांगायला समोर कोण बसतं, यात सगळं येतं. निक्सन यांच्याकडे जाणारा कागद त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्या हातून जायचा, त्यामुळे सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स पदावर असूनही बाहेरच राहिले. हेच हेल्म्स त्याआधी जॉन्सन यांच्या मंगळवारच्या जेवणाला हक्काने बसायचे. कारण १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटण्याआधी त्यांच्या विश्लेषकांनी सांगितलं होतं, की इस्रायल जिंकेल आणि त्याला फार दिवस लागणार नाहीत. युद्ध सहा दिवसांत संपलं. क्लिंटन यांचे पहिले सीआयए संचालक जेम्स वूल्सी यांना अध्यक्षांची भेटच मिळत नसे. १९९४ मध्ये एक छोटं विमान व्हाइट हाउसच्या हिरवळीवर कोसळलं, तेव्हा ‘भेटीची वेळ मागायला वूल्सीच आले असतील’ असं वॉशिंग्टनमध्ये म्हटलं जाऊ लागलं. पुढच्या जानेवारीत त्यांनी पद सोडलं होतं.

जवळीक असली म्हणजे सगळं सुरळीत, असं मात्र समजू नका. जॉर्ज टेनेट यांना क्लिंटन यांनी नेमलं, बुश यांनी ठेवून घेतलं आणि ते बुश यांच्या सकाळच्या बैठकीत नेमाने असत. एवढी जवळीक फार थोड्या संचालकांच्या वाट्याला आली. तरी इराकबद्दलचा सर्वांत चुकीचा निष्कर्ष त्यांच्याच कारकिर्दीत पुढे गेला. मला तर दुराव्याच्या बातमीपेक्षा अति सलोख्याची बातमी जास्त बारकाईने वाचावीशी वाटते.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात: मूळ निष्कर्ष वाचणं. ते काही सगळे तिजोरीत नसतात. दरवर्षी जगभरच्या धोक्यांचं मूल्यमापन काँग्रेससमोर मांडलं जातं. त्याचा खुला भाग राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतो, सुनावणीचं चित्रीकरणही मिळतं. वाचताना दोन गोष्टी वेगळ्या धरा. एखादी घटना घडण्याची शक्यता किती, हे एक. आणि आपल्या निष्कर्षावर यंत्रणेचा स्वतःचा भरवसा किती, हे दुसरं. शक्यतेसाठी ठरलेली पट्टी आहे: ‘संभव आहे’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘जवळपास नक्की’ म्हणजे ९५ ते ९९. भरवशाच्या पायऱ्या तीन: उच्च, मध्यम, कमी. पुतिन यांना ट्रम्प यांच्या विजयाची शक्यता वाढवायला मदत करायची होती, या जानेवारी २०१७ च्या निष्कर्षावर सीआयए आणि एफबीआय यांचा भरवसा उच्च होता, संदेश टिपणाऱ्या एनएसएचा मध्यम. बातम्यांत हा फरक बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला गेला.

तळटिपा आणि वेगळी मतं तर आवर्जून वाचा. ऑक्टोबर २००२ च्या इराकविषयक अहवालात मुख्य निष्कर्ष होता, की सद्दाम हुसेन अणुकार्यक्रम पुन्हा उभा करत आहेत. पुराव्यांतला मोठा भाग ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा होता. या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, असं सीआयएचं म्हणणं. अमेरिकी सरकारात त्या यंत्रांची खरी जाण असलेलं खातं म्हणजे ऊर्जा खातं, आणि त्याला ते पटलं नव्हतं. परराष्ट्र खात्याच्या छोट्याशा गुप्तचर विभागाने तर अणुकार्यक्रमाचा मुख्य निष्कर्षच मान्य केला नाही आणि आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं. ते त्याच अहवालात छापलेलं होतं. पण ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत बोलले तेव्हा त्यांच्या मागे टेनेट बसलेले जगाने पाहिले, आणि त्या चित्रापुढे लेखी मतभेद फिके पडले. स्वतःच्याच खात्याच्या विभागाचं मत बाजूला सारून परराष्ट्रमंत्री बोलत होते, हे आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

क्षमता आणि इरादा हेही कधी एका पारड्यात घालू नका. २५ मार्च २०२५ रोजी तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक तुलसी गॅबार्ड यांनी सिनेटच्या समितीला सांगितलं, की इराण अण्वस्त्र बनवत नाही असंच यंत्रणांचं मूल्यमापन आहे आणि तिथले तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी २००३ मध्ये थांबवलेल्या कार्यक्रमाला पुन्हा परवानगी दिलेली नाही. त्याच निवेदनात त्यांनी असंही म्हटलं, की इराणकडचा समृद्ध युरेनियमचा साठा अण्वस्त्र नसलेल्या देशासाठी अभूतपूर्व आहे. जूनमध्ये ट्रम्प म्हणाले, त्या काय म्हणाल्या याची मला पर्वा नाही. आणि काही दिवसांनी, की त्या चुकल्या. मग गॅबार्ड यांनीच लिहिलं, की आपलं विधान संदर्भ तोडून दाखवलं गेलं आणि ठरवलं तर इराण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अण्वस्त्र तयार करू शकतो. मार्चचं निवेदन इराणने काय ठरवलंय त्याबद्दल होतं, जूनचं तो काय करू शकतो त्याबद्दल. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचलीत तर भर कशावरून कशाकडे सरकला ते तुम्हालाच दिसेल. दुसऱ्याचं विश्लेषण वाचायची गरज राहत नाही.

अशी शेजारी ठेवून वाचायची सवय २०१९ च्या प्रसंगावर करून बघा, सोपा आहे. २९ जानेवारीला तेव्हाचे राष्ट्रीय गुप्तचर संचालक डॅन कोट्स यांनी सिनेटसमोर सांगितलं, की उत्तर कोरिया आपली सगळी अण्वस्त्रं सोडून देण्याची शक्यता कमी. सीआयएच्या संचालक जीना हॅस्पेल म्हणाल्या, की इराण तूर्त तांत्रिकदृष्ट्या अणुकरार पाळतो आहे. हा करार ट्रम्प यांनी आदल्या मे महिन्यात सोडला होता. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहिलं, की गुप्तचरांनी पुन्हा शाळेत जावं. तिसऱ्या दिवशी ओव्हल ऑफिसमधला सगळ्यांचा फोटो आला आणि सोबत खुलासा: माध्यमांनी विपर्यास केला, आमचं एकमत आहे. पण सुनावणी कॅमेऱ्यासमोर झालेली होती. काँग्रेससमोरचं बोलणं एका बाजूला आणि त्यानंतरचा खुलासा दुसऱ्या बाजूला असेल, तर मी पहिल्यालाच धरून चालते.

काही बातम्यांत प्रश्न माहितीचा नसतोच. यंत्रणेकडून काम कोणतं मागितलं जातंय, हा असतो. इथे मोजपट्टी म्हणून २३ जून १९७२ ची ध्वनिफीत घ्या. लिखित रूपात ती सहज मिळते. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसं पकडली जाऊन आठवडाही झालेला नव्हता. निक्सन यांचे मुख्य सहायक हॉल्डेमन सुचवतात, की सीआयएचे उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स यांनी एफबीआयच्या कार्यवाहक प्रमुखांना ‘यातून लांब राहा’ असं सांगावं. निक्सन होकार देतात आणि वर सबबही पुरवतात: चौकशी पुढे गेली तर बे ऑफ पिग्जचं, म्हणजे क्युबावरच्या फसलेल्या स्वारीचं, जुनं प्रकरण उघडं पडेल. त्याच दुपारी हेल्म्स आणि वॉल्टर्स यांना बोलावलं जातं. वॉल्टर्स खरोखरच एफबीआयकडे जाऊन निरोप देतात. पण पकडलेल्यांच्या जामिनासाठी सीआयएचा पैसा मागितला गेला, तेव्हा हेल्म्स यांच्या पाठिंब्याने वॉल्टर्स यांनी नकार दिला. आणि वॉल्टर्स हे निक्सन यांनीच आणलेले होते. निवडणुकीनंतर हेल्म्स यांचं संचालकपद गेलं आणि त्यांना राजदूत म्हणून इराणला पाठवलं गेलं. ही फीत ऑगस्ट १९७४ मध्ये बाहेर आली आणि चार दिवसांत निक्सन पायउतार झाले.

म्हणून हेल्म्स यांना लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. चिलीतल्या कारवायांबद्दल सिनेट समितीला पूर्ण सांगितलं नाही, म्हणून १९७७ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन हजार डॉलर दंड आणि स्थगित कैदेची शिक्षा दिली. एकाच माणसाने अध्यक्षांचं बेकायदा काम अडवलं आणि अध्यक्षांच्या गुप्त कामावर पांघरूणही घातलं. व्यक्तीवर शिक्का मारण्यापेक्षा प्रसंग तपासणं बरं.

आणि खुर्ची रिकामी झालीच, तर जाणाऱ्यापेक्षा येणाऱ्याकडे लक्ष द्या. कोट्स गेले तेव्हा त्यांच्या उपसंचालक स्यू गॉर्डन यांनी सूत्रं हाती घेणं रीतसर ठरलं असतं. त्यांना डावललं गेलं, त्याही गेल्या आणि जोसेफ मॅग्वायर कार्यवाहक झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाबद्दल खासदारांना दिलेली माहिती ट्रम्प यांना खटकली, मॅग्वायर गेले आणि रिचर्ड ग्रेनेल आले, तेही कार्यवाहक. बातमीत ‘कार्यवाहक’ दिसलं की थांबून वाचा. त्या पदासाठी सिनेटची सुनावणी झालेली नसते. अध्यक्षांना नको असलेला निष्कर्ष निघाला तर तुम्ही तो जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवाल का, हे त्या माणसाला या पदासाठी कोणी शपथेवर विचारलेलं नसतं. सुनावणी झाली असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं शोधा आणि तारखेसह लिहून ठेवा; पहिला खटका उडाला की ते पुन्हा वाचायला लागेल.