घोष-अघोष ओळखताना या चुका टाळा

गळ्यावर बोट ठेवा, कंप जाणवला की वर्ण घोष, नाही तर अघोष. बेळगाव-खानापूरकडे भाषाविज्ञानाचा पेपर देणाऱ्या प्रत्येकाला ही कसोटी पाठ असते. ती बरोबरच आहे, चुकते ती लावायची रीत. 'क' म्हटलं की सोबतचा 'अ' घोष असल्याने कंप लागणारच, मग क, ट, प सगळेच घोष ठरतात. त्याऐवजी जोडव्यंजनावर क्षणभर अडून बघा. 'सौंदत्ती' म्हणताना 'त्त'वर थांबा, गळा गप्प असतो. 'यल्लम्मा' म्हणा, 'ल्ल' आणि 'म्म' दोन्हींवर गुणगुण चालू राहते. 'बग्गी'तल्या 'ग्ग'वरही ती असते, पण लवकर विरते, कारण तोंड बंद असल्याने हवा कोंडते. तेवढ्यावरून त्याला अघोष ठरवू नका. आणि कुजबुजत तर करूच नका, कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत.

दुसरी चूक खास आपल्याकडची. शेजारचे कानडी काका 'घर'ला 'गर' म्हणतात, कारण बोलीकानडीत महाप्राण, म्हणजे ख, घ यांतला हकारासारखा हवेचा झोत, बहुधा गळतो. मुलं उत्तरात लिहितात, 'घोष गेला.' छे! ग आणि घ दोन्ही घोषच. घोष गेला असता तर 'खर' ऐकू आलं असतं. 'ह'चंही तसंच. नुसती हवा वाटते म्हणून त्याला श, ष, स या अघोषांच्या पंगतीला बसवतात, पण मराठी 'ह' घोष आहे.

एवढं पक्कं झालं की वाक् + ईश = वागीश, षट् + आनन = षडानन हे संधी घोकावे लागत नाहीत. पुढचा स्वर घोष, म्हणून क् चा ग्, ट् चा ड्.

सिलॅबल, म्हणजे सहसा एका स्वराभोवती एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, मोजताना मात्र भलेभले लिहिलेली अक्षरं मोजतात. 'बेळगाव' कागदावर चार, तोंडात दोनच: बेळ्-गाव्. १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी 'बेळगावी' कानडी तोंडी चार भरतं: बे-ळ-गा-वि. आपलं खानापूर तीन, कानडीत शेवटचा 'अ' उच्चारतात म्हणून चार. तेव्हा कानाला लागणारे स्वर मोजा.

कधी स्वराविना व्यंजनच सिलॅबलचा गाभा, म्हणजे एरवीची स्वराची जागा, होतं, याचं उदाहरण म्हणून 'कृष्णा' देऊ नका. संस्कृतातला ऋ तसा होता, पण आपण 'क्रुष्णा' म्हणतो, म्हणजे गाभा 'उ'. इंग्रजी 'बॉटल' द्या. अनेक इंग्रजी भाषकांच्या तोंडी त्यातला शेवटचा ल् स्वराशिवायच उभा राहतो. आपण तिथे 'टल' म्हणून 'अ' घालतो, एवढं उत्तरात नमूद करा.