तुमच्या पॅनवर दुसऱ्याने कर्ज काढले असेल तर

न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी फोन येऊ लागले, तर घाबरून एकही हप्ता भरू नका. त्यातून कर्ज तुम्ही मान्य केल्याचा अर्थ काढला जाऊ शकतो. खात्यातून पैसेही गेले असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांकडील लेखी तक्रारीत या कलमाचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी.

यानंतरचे काम किचकट, पण सर्वांत महत्त्वाचे आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत पतअहवाल, म्हणजे तुमच्या नावावरील कर्जांची आणि परतफेडीची नोंद, मागवा, कारण एका अहवालात न दिसणारे कर्ज दुसऱ्यात असू शकते. अनोळखी नोंदीवर त्या संस्थेकडे हरकत घ्या आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवून कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रे आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा तपशील मागा. पैसा तुमच्या खात्यात आलाच नाही, हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे. पतअहवालावरील तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते.

आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, तसेच संचार साथी पोर्टलवर आपल्या नावे असलेली सिमकार्डे तपासून अनोळखी क्रमांक कळवा.