डीईएमवरून पूरधोका काढायला शिकताना: शिरोळचा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका घेतला, २०१९ चा पूर डोक्यातून जात नव्हता म्हणून. कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंहवाडी, सगळा सपाट ऊसपट्टा. नवीन कोणी हे काम करणार असेल तर मी कुठे अडकलो ते सांगतो, तुमचे दोन-तीन महिने वाचतील.

डीईएम म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, त्यातल्या प्रत्येक चौकोनाला (पिक्सेलला) एक उंची असते. एसआरटीएमचा (अवकाशातून मोजलेला) ३० मीटर पिक्सेलचा डीईएम फुकट मिळतो, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की लगेच स्लोप (उतार) काढायचा मोह होतो. आधी यूटीएम झोन ४३ मध्ये (अंतर मीटरमध्ये देणारी नकाशाची पद्धत) आणा, नाहीतर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये, स्लोप सगळा चुकीचा येतो.

मग टीपीआय (टोपोग्राफिक पोझिशन इंडेक्स). म्हणजे एखाद्या पिक्सेलची उंची वजा आजूबाजूची सरासरी उंची, प्लस आलं तर उंचवटा, मायनस आलं तर खोलगट. ऐकायला सोपं, पण आजूबाजू म्हणजे किती ते तुम्हीच ठरवायचं असतं. ३०० मीटर घेतलं तर रस्त्याचा भराव पण टेकडी होतो, २ किलोमीटर घेतलं तर अख्खी नदीकाठची मळी एकच खोरं दिसते आणि नदीचं जुनं पात्र त्यात गायब. दोन्ही काढा आणि शेजारी ठेवून बघा.

माझ्या नकाशात नदीपासून जवळच एक लांबट उंचवटा आला होता, मी खूश, म्हटलं पुरात लोकांना न्यायला सुरक्षित जागा सापडली. प्रत्यक्ष गेलो तर दाट झाडांची रांग आणि पलीकडे ऊस, जमीन आजूबाजूइतकीच. एसआरटीएम हा फेब्रुवारी २००० मधला रडार डेटा आहे, त्याला दाट झाडीखालची जमीन नीट दिसत नाही आणि उंची पूर्ण मीटरमध्येच येते. सपाट भागात दोन-तीन मीटरचीच तर सगळी गोष्ट असते! तिथल्या एका आजींनी घराच्या भिंतीवर २००५ चं आणि त्याच्या वर २०१९ चं पाणी कुठवर आलं ते हात लावून दाखवलं, मी टेपने मोजलं, आणि त्या दोन आकड्यांवर माझा विश्वास अख्ख्या डीईएमपेक्षा जास्त बसला.

पुढे हँड (हाइट अबव्ह निअरेस्ट ड्रेनेज) वापरलं, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची न बघता पाणी जिथे उतरतं त्या ओढ्या-नदीपासून जागा किती वर आहे ते बघायचं. पूरधोक्याला हे टीपीआयपेक्षा खूप उपयोगी, धोक्याचे वर्ग पाडतानाही दोन्ही एकत्र घ्या. पण इथे फुगवटा आहे, कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि ओढे उलटे भरतात. त्यामुळे बारीक ओढ्यांपासून काढलेली उंची फसवते, माळावरचा ओढाकाठ पण धोक्यात दिसतो आणि खालच्या ओढ्याकाठची चार-पाच मीटर उंच जागा निर्धास्त दिसते. मी नंतर फक्त मोठ्या नद्या धरून परत रन केलं, तेव्हा कुठे भिंतीवरच्या खुणांशी जुळायला लागलं.

अजून एक, कोल्हापूरला पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट असते ती तिथल्या मोजपट्टीवरची, समुद्रसपाटीपासूनची नाही. ते फूट सरळ मीटर करून डीईएमवर टाकू नका. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते आधी मिळवा, त्यासाठी लेखी अर्ज करावा लागला तरी करा, पहिल्याच आठवड्यात.