फोनमधले फोटो पुसले, लॅपटॉपवरचेही गेले

घरच्यांनी जागा करायला फोनमधले जुने फोटो पुसले आणि सिंकथिंगने (दोन उपकरणांवरचे फोल्डर एकसारखे ठेवणारं ॲप) इमानेइतबारे लॅपटॉपवरचेही पुसले. दोष ॲपचा नाही, सिंकचं कामच ते. फोटो बहिणीच्या फोनमधून परत मिळाले.

मग लॅपटॉपवर सिंकथिंगमध्ये त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपायची सोय, ‘स्टॅगर्ड’ (जुन्या होतील तशा प्रती विरळ करत जाणारा प्रकार) केलं. आता फोनवर पुसलेली फाइल लॅपटॉपच्या ‘.एसटीव्हर्जन्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. गोम एकच: दुसऱ्या उपकरणाकडून आलेल्या बदलांचीच जुनी प्रत राहते. लॅपटॉपवरच काही उडवलं, तर व्हर्जनिंग हात वर करतं! म्हणून अधूनमधून हार्ड डिस्कवर कॉपी. एरवी डिस्क कपाटात.

फोनवर ॲप सारखं झोपायचं. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून (बॅटरी वाचवायला ॲप थांबवणारी फोनची सोय) वगळल्यावर ती कटकट मिटली.